ओव्हनमध्ये स्लीव्ह सुटली तो दिवस

एअरकूल्ड, म्हणजे हवेने गार होणाऱ्या इंजिनाच्या पार्टांना हीट कोटिंग (उष्णता झेलणारा पातळ थर) करायचं काम मी करतो, ब्लॉक, हेड, कव्हरं वगैरे. त्या दिवशी एका जुन्या सिंगल सिलिंडर फोरस्ट्रोकचा ब्लॉक हातात होता, बाहेर ॲल्युमिनियम आणि आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी. मालकाला चकचकीत काळी पावडर (रंगाची भुकटी चिकटवून भट्टीत वितळवतात तो थर) हवी होती, मी सरळ नाही म्हटलं. पावडरचा थर जाड बसतो, उष्णता कोंडते, शिवाय फिनांच्या, म्हणजे ब्लॉक गार ठेवणाऱ्या पातळ पात्यांच्या खाचेत ती नीट शिरतच नाही, कडांवरच चिकटून राहते. हीट कोटचा स्प्रेने २०-२५ मायक्रॉनचा थर पुरे होतो.

ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने बारीक कण मारून सफाई) झालं, मग २०० डिग्रीला तासभर कोराच भाजला, कारण ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत मुरलेलं तेल आधी बाहेर काढलं नाही तर नंतर कोटाला बुडबुडे येतात. आलंच तेल, फिनांच्या मुळाशी तपकिरी ओघळ. परत ब्लास्टिंग, परत भट्टी, तेव्हा कुठे कोरडा निघाला. मग कोट नको तिथे झाकून (मास्किंग) स्प्रे मारला आणि सगळ्या बाजूंनी सारखी हवा लागावी म्हणून स्टडच्या भोकांतून तार ओवून ब्लॉक टांगला, हेड बसतं ती बाजू खाली. इथेच चुकलं माझं.

१७५ डिग्रीला एक तास द्यायचा होता, तोही धातू तेवढा तापल्यापासून मोजून. पाऊण तास झाला असेल, आतून ठण्ण आवाज आला. दार उघडून बघतो तर स्लीव्ह अर्धी बाहेर सरकून खालच्या जाळीवर टेकलेली! पोटात गोळाच आला.

मला आधी कळेना की २०० ला काही झालं नाही आणि १७५ ला कशी सुटली. मग लक्षात आलं, कोरा भाजताना ब्लॉक हेडच्याच बाजूवर ट्रेमध्ये उभा होता, स्लीव्हची कॉलर, म्हणजे हेडकडच्या टोकाची रुंद कड, ट्रेवर टेकलेली, सुटली असली तरी जाणार कुठे. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, ६० मिलिमीटरच्या बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) एवढ्या तापात साधारण ०.१ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि ही स्लीव्ह मुळातच कमी आवळून बसवलेली असणार.

विचार करत बसायला वेळ नव्हता, ब्लॉक गार झाला असता तर स्लीव्ह तिथेच अर्ध्यात आवळली गेली असती. जाड हातमोजे घातले, तार कापली, ब्लॉक उलटा करून दोन विटांवर ठेवला, कॉलर वर, आणि स्लीव्ह हाताने दाबली तशी बसली खाचेत. टूस्ट्रोक असता तर स्लीव्हच्या भिंतीतले पोर्टही (वायू ये-जा करायची भोकं) जुळवावे लागले असते, तेवढं वाचलं. वर लोखंडी वजन ठेवून पुन्हा पूर्ण तास दिला आणि दार बंद ठेवूनच गार होऊ दिला.

दुसऱ्या दिवशी बोअर गेजने तीन उंचींवर आडवं-उभं मोजलं, ०.०३ मिलिमीटरचा लंबगोल निघाला. मालकाला लगेच फोन करून जसं झालं तसं सांगितलं, तो बराच वेळ गप्प होता. बोअर पुढच्या ओव्हरसाइजला, म्हणजे पुढच्या मोठ्या मापाला करून द्यायचा खर्च मी घेतला आणि ब्लॉकची हेड बसतं ती फेसही घासून घेतली. कोट मात्र फिनांच्या मुळापर्यंत एकसारखा बसला होता, दोन फिनांवर हातमोज्याचा डाग तेवढा राहिला, तोही मी त्याला दाखवून दिला.

आता ब्लॉक आला की भट्टीत जायच्या आधी कॉलर आणि ब्लॉक मिळून एक खूण करून ठेवतो आणि टांगत कधीच नाही, कॉलर वर ठेवून उभाच भाजतो.