शिदोरी

काल रात्री कादंबरीतला तो भाग वाचला आणि झोप उडाली. डोंगरावरचा पडका मठ, गळकं छप्पर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिष्य. त्यातला सगळ्यात तयार पोरगा मोठ्या सेक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या पंथात निघाला, तर पंथप्रमुखाने उरलेले निम्मे स्पिरिट स्टोन (त्या जगातलं चलनच ते) मोजून त्याच्या पोटलीत बांधले, वर शिदोरी दिली. का जातोस, एवढंसुद्धा विचारलं नाही. मला त्याचा फार राग आला. अरे, विचार तरी!

कल्टिव्हेशनच्या, म्हणजे साधनेने सिद्धी मिळवणाऱ्यांच्या चिनी गोष्टी मी लढायांसाठी वाचतच नाही. मला आवडतं ते छप्पर शाकारणं, औषधी झाडांचे वाफे, झाडलोट करणाऱ्या पोराला पहिला श्वास नीट घेता येणं. हे सगळं त्या माणसाने त्या पोरासाठी केलं होतं. मग विचारायचं का नाही?

आमच्या मल्लखांबाच्या वर्गातल्या पोराचाही मेसेज आलाय. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या वर्गात जातोय, म्हणे. तिकडे गाद्या चांगल्या आहेत, हे खरंच आहे. संध्याकाळी खांबाला एरंडेल चोळताना हात नुसता फिरत होता. आईला अजून सांगितलेलं नाही.

वांग चोंगयांग सारखा आठवतोय. चीनमधल्या ताओ धर्मातल्या छुआनचेन पंथाचा मूळपुरुष. शाआन्शी प्रांतात स्वतःसाठी थडगं खणून त्यात राहिला, पण तिथे फारसं कुणी मागे आलं नाही. ११६७ मध्ये आपलीच झोपडी पेटवून दिली आणि पूर्वेला शान्तोंगकडे चालू लागला. तिथल्या श्रीमंत मा यूच्या आवारात शंभर दिवस कोंडून घेतलं आणि आतून मा यूला नि त्याच्या बायकोला नासपती कापून फोडी पाठवत राहिला. सोबत कविता. संसार सोडा म्हणून दारात धरणं धरलं नाही. फोडी पाठवायच्या आणि थांबायचं. दोघंही पुढे त्याचे शिष्य झाले.

११७० मध्ये तो काइफेंगला वारला. त्याचा शिष्य छिउ छूजी १२२२ मध्ये पार हिंदुकुशापर्यंत जाऊन चंगीझ खानाला भेटला आणि पंथाला खरा जोर आला तो त्यानंतर. गुरूला यातलं काहीच दिसलं नाही.

तरी गोष्टीतल्या त्या पंथप्रमुखाने विचारायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. पण विचारलं असतं तर त्या पोराला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. निदान शिदोरी तरी त्याने मोकळ्या मनाने घेतली.

मेसेजला उत्तर लिहिलंय. तिकडचे सर बगली उडी वेगळी बसवतात, पहिले काही दिवस मनगट सांभाळ. त्याची सहाची वेळ आता धाकटीला देता येईल, तिला कधीपासून हवी होती.