टोपीतली नीळ

31 मे म्हणजे आमच्या फोटोच्या धंद्यात लग्नाच्या दाट तिथीपेक्षा वाईट दिवस. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी 1 जून टाकून मोकळे व्हायचे. एक तारखेचा जन्म असला की नोकरी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. त्यामुळे त्या पिढीतले कितीतरी मास्तर 31 मेलाच सेवानिवृत्त होतात, आणि प्रत्येकाला संध्याकाळच्या सत्कारात स्क्रीनवर फोटो फिरवायचे असतात.

यंदा परभणीतल्या आमच्या दुकानात सकाळी दहाला जिल्हा परिषदेच्या एका गुरुजींचा मुलगा आला. पेनड्राइव्हमध्ये 82 फोटो, कॅरीबॅगमध्ये 38 जुने प्रिंट, कार्यक्रम संध्याकाळी सहाला. 120 फोटो, एकाला सहा सेकंद, म्हणजे बारा मिनिटं. त्यापेक्षा लांब शो कुणी बघत नाही, लोक जेवणाच्या पंगतीकडे बघायला लागतात.

प्रिंट स्कॅनरवर टाकले. 4 बाय 6 इंचाचा प्रिंट 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरले तर, 1800 बाय 1200 पिक्सेल होतो. पूर्ण फोटो दाखवायला तेवढं पुरतं. पण शाळेच्या ग्रुप फोटोतून एकटे गुरुजी काढायचे तर 600 घ्यावं लागतं. 3600 पिक्सेलमधला एक तृतीयांश भागच ठेवला तरी 1200 मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोची लांब बाजू बहुतेक वेळा 1600च्या आसपास असते, तिथं एवढी चैन करता येत नाही.

मग आडवे-उभे. फोन उभा धरला तरी फोटो बऱ्याचदा आडवाच साठवला जातो आणि फाइलीत ‘90 अंश फिरवून दाखवा’ एवढी खूण लिहिली जाते. ती खूण प्रत्येक सॉफ्टवेअर पाळतंच असं नाही. आमच्या दुकानातल्या पोरानं आडवे दिसलेले नऊ फोटो स्लाइडवर फिरवले. नंतर रंगासाठी तेच फोटोशॉपमध्ये उघडून सेव्ह केले. तिथं ते खुणेप्रमाणे आपोआप सरळ झाले, पण स्लाइडवर दिलेले 90 अंश तसेच राहिले. नऊच्या नऊ ठिकाणी गुरुजी आडवे. फिरवायचं ते एकाच ठिकाणी, आणि सगळ्यात आधी. क्रॉप त्यानंतर, मग रंग, आणि झूम-पॅन (चालू शोमध्ये फोटो जवळ आणणं, सरकवणं) शेवटी. क्रम चुकला की चेहऱ्यावर लावलेला झूम खांद्यावर जाऊन बसतो.

वाकड्या स्कॅनचं गणित वेगळं. 3:2 चा (रुंदी तीन, उंची दोन) फोटो दोन अंश फिरवला की कोपरे उघडे पडतात, ते झाकायला 105 टक्क्यांपर्यंत मोठा करावा लागतो. तीन अंशाला 108. सरळ करताना भिंतीची कड किंवा दाराची चौकट धरावी. झेंडावंदनाच्या फोटोत पोरानं ध्वजस्तंभ सरळ केला, तर मागची सगळी शाळा कलली. पाइपच वाकडा होता.

साडेबारापर्यंत सत्तर फोटो टीव्हीच्या मापाला, 16:9 ला कापून झाले होते. सहज म्हणून कार्यक्रमात स्क्रीन लावणाऱ्या सिस्टीमवाल्याला फोन लावला, “स्क्रीन किती बाय किती?” म्हणाला, बारा बाय आठ. बारा बाय आठ म्हणजे 3:2. हा फोन सकाळी दहाला लावायचा असतो. फूट सगळे अंदाजे सांगतात, म्हणून स्क्रीन ज्यांची जोडून बनते ते पॅनल मोजायला लावले. आडवे सहा, उभे चार, आणि एका पॅनलमध्ये 192 बाय 192 पिक्सेल. म्हणजे 1152 बाय 768. त्यावर 16:9 चा व्हिडिओ ताणून बसवला असता तर प्रत्येक माणूस साडेअठरा टक्के उंच झाला असता.

सत्तर क्रॉप पुन्हा केले. झालं ते बरंच झालं. मोबाईलचा 4:3 फोटो 16:9 मध्ये भरताना उंचीतला 25 टक्के भाग जातो, 3:2 मध्ये फक्त 11. सत्काराच्या फोटोत वर फेट्याचा तुरा असतो आणि खाली मांडी घालून बसलेली पोरं. 25 टक्क्यांत यातलं एक जातंच. उभे फोटो मात्र मी कापतच नाही. 3:4 चा उभा फोटो 3:2 मध्ये भरला तर निम्मा जातो. तोच फोटो मागच्या लेयरला फ्रेमभर करून धूसर आणि जरा काळपट करायचा, आणि पुढे अख्खा उभा ठेवायचा.

दीडला लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, त्यावर रंगाचं काम घेतलं.

जुन्या रंगीत प्रिंटमधला सायन, म्हणजे हिरवट निळा रंग अल्बममध्ये बंद असूनही बऱ्याचदा उडतो, म्हणून ते लालसर होतात. काळ्या केसांतसुद्धा लाल चढतो. नुसता ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट हलवून हे जात नाही. लेव्हल्समध्ये (फोटोशॉपमधली उजेड-अंधाराची पट्टी, 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा) फक्त लाल चॅनल घेऊन त्याचं काळं टोक शून्यावरून साठ-सत्तरपर्यंत आत आणायचं, मधला आकडा 1.00 वरून 0.85 करायचा. केस काळे झाले की थांबायचं. ऑटोचं बटण या कामात दाबू नये. हळदीच्या फोटोतला पिवळा त्याला दोष वाटतो आणि नवरदेव निळा पडतो. गुलालाच्या मिरवणुकीत माणसं हिरवट होतात.

एक फोटो अडला. गुरुजी नोकरीला लागले तेव्हा त्यांचे वडील शाळा बघायला आले होते, तो. धोतर, टोपी, मागं फळा. लाल काढला, मग पांढऱ्यासाठीचा पिकर टोपीवर टेकवला, आणि अख्खा फोटो पिवळा झाला. दोघांनाही कावीळ. अनडू केलं, टोपीवरचे आकडे वाचले: लाल 212, हिरवा 217, निळा 233. धोतरही तसंच. धुलाईतली नीळ. कापडच निळसर असताना पिकरला ते शुद्ध पांढरं म्हणून दाखवलं, तर तो सगळ्या फोटोतला निळा काढून टाकतो. प्रिंटची पांढरी कड बघितली, तर ती जुनी होऊन पिवळी पडलेली. मग फळ्याकडे गेलो. खडू रंगवलेला नसला तर त्याच्याइतका पांढरा वर्गात दुसरा नाही. सुविचाराच्या जाड अक्षरावर, एका पिक्सेलचा नाही तर 5 बाय 5 चा नमुना घेतला, कारण बारीक रेघेत फळ्याचा काळा मिसळतो. भिंत चुन्याची दिसली, कातडी माणसाची. टोपी तेवढी निळसर राहिली.

चारला नमुन्याचे पाच फोटो घेऊन सत्काराच्या कार्यालयात गेलो. एलईडी वॉल, म्हणजे ती पॅनलची स्क्रीन, आपल्या मॉनिटरपेक्षा कितीतरी प्रखर असते, पांढरे शर्ट नुसते भगभगतात. ऑपरेटरला ब्राइटनेस 35 टक्क्यांवर आणायला लावला. पांढऱ्याचं वरचं टोक 235 ला बांधलं, सॅच्युरेशन दहानं उतरवलं. कृष्णधवल फोटो स्कॅन होताना त्यात बारीक रंग शिरतो. मॉनिटरवर तो कळत नाही, वॉलवर करडा भाग जांभळट दिसला, म्हणून त्या अकरा फोटोंचं सॅच्युरेशन सरळ शून्य केलं. व्हिडिओ 1152 बाय 768 मध्येच काढला. तिथं चित्र वॉलच्या मापात बसवणारा प्रोसेसर नव्हता, लॅपटॉपच्या स्क्रीनचा डावीकडचा वरचा कोपरा जसाच्या तसा वॉलवर जात होता. व्हिडिओ त्या कोपऱ्याला चिकटवून 100 टक्क्यांवर चालवायचा, फुल स्क्रीन करायचा नाही, हे ऑपरेटरला दोनदा सांगितलं.

साडेपाचला ट्रायल चालू असताना मुलगा जवळ आला. “भैया, आजोबांची टोपी निळी कामून दिसायली? बाकी समदं भारी झालंय.” मी खडूचं सांगायला लागलो तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून त्याची आई म्हणाली, “निळीच असायची मामंजींची टोपी. नीळ मीच घालायचे, अन् माझ्या हातून जरा जास्तीच पडायची.”

तो फोटो तसाच ठेवला.