जिप्सी किंग: खडखड सापडली, गिअरबॉक्स निर्दोष सुटला

राजेहो, खडखड सापडली. आणि मागच्या पोस्टवर बोलताना ज्याच्यावर आपण सगळे संशय घेऊन बसलो होतो, त्या गिअरबॉक्समध्ये ती नव्हतीच.

नवीन मंडळींसाठी दोन ओळी. गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, कार्ब्युरेटरवाली १२९८ सीसी. जुना बॉक्स तिसऱ्यातून सुटायचा, म्हणून सेकंडहँड पाच गिअरचा बॉक्स बसवला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) आणि गिअरबॉक्सचं फाउंडेशन रबर (ज्यावर बॉक्स टेकतो ते) नवीन टाकलं. गाडी रस्त्यावर आली त्याच संध्याकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर तिसऱ्यातून दुसरा टाकला. कर्रर्र नाही, झटका नाही, हलकेच पडला. त्या एका गिअरसाठी सगळा खर्च वसूल, असं वाटून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वर्धा रोडवर खडखड सुरू. डब्यात चिल्लर हलवल्यासारखी. हलक्या ॲक्सिलरेटरवर येते, जोरात दाबला की जाते, गाडी थंड असताना अजिबात नाही. म्हणजे गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवली की गाडी एकदम साधूसंत. मिस्त्रींचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं: "भाऊ, बॉक्स पुन्हा उतरवा लागते. आतलं काम आहे हे." मे महिन्यात नागपुरात पुन्हा बॉक्स उतरवायचा, या विचारानेच अंगावर काटा आला. सकाळी दहानंतर इथे उन्हातला पाना हातात धरवत नाही.

मागच्या वेळी तुमच्यापैकी बहुतेकांनी सुचवलेलं करून पाहिलं. लिव्हरचं बुश बदललं, रिव्हर्स लाइटच्या स्विचची वायर बांधली, स्पीडोमीटरची केबल काढून गाडी चालवली. फरक शून्य. तेलाचाही संशय होता, कारण उन्हाळ्यात तेल पातळ झालं की न्यूट्रलमध्ये गिअर आपसात वाजतात. दुकानदार जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल गळ्यात मारत होता, "यातच जास्त ताकद आहे" म्हणून. घेतलं नाही. जीएल-५ मधली गंधकाची ॲडिटिव्हज पितळी सिंक्रो रिंगना (गिअर हलकेच पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) मानवत नाहीत, आणि माझ्या गाडीत सगळा खेळ त्या रिंगांचाच आहे. जीएल-४ चं ८०डब्ल्यू-९० भरलं. शिफ्टिंग आणखी छान झालं, खडखड तशीच.

वाट दाखवली ती जिप्सीच्याच रचनेने. आपल्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, मधे छोटा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पोचवणारा फिरता दांडा) आहे. आणि ट्रान्सफरच्या लिव्हरला स्वतःचा न्यूट्रल आहे. म्हणजे गाडी उभी ठेवून ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये टाका आणि बॉक्सचे सगळे गिअर फिरवा. छोटा शाफ्ट फिरेल, चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट थांबलेले. इतकी सोपी चाळणी बहुतेक गाड्यांत मिळत नाही.

फक्त हे गाडी तापलेली असतानाच करायचं होतं. म्हणून बुटीबोरीपर्यंत गेलो, आणि परत येताना डांबराच्या पट्ट्यावर कडेला थांबलो. शहरातल्या सिमेंट रोडवर हे काम होत नाही, दर जोडावर टायर असा आपटतो की बाकी काही ऐकूच येत नाही.

ट्रान्सफर न्यूट्रल, रेस थोडी वाढवली: खडखड आहे. म्हणजे मोठे शाफ्ट आणि डिफरन्शियल सुटले. बॉक्सही न्यूट्रल केला: आहे. छोटा शाफ्ट आणि त्याचे क्रॉस (टोकाचे सांधे) सुटले. क्लच पूर्ण दाबला: तरीही आहे, तेवढीच! क्लच दाबला की इंजिनकडून बॉक्सला काही जात नाही, त्यामुळे बॉक्सचे गिअरही सुटले. रिलीज बेअरिंग असतं तर दाबल्यावर आवाज बदलला असता.

गाडीत आरपीएमचा काटा नाही, म्हणून फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप लावलं. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोनदा फायर करतं, म्हणजे २००० आरपीएमला साधारण ६७ हर्ट्झ. खडखड नेमकी त्याच आसपास जागी होत होती, गिअर कोणताही असो. थोडक्यात, इंजिनच्या थरथरीवर काहीतरी पातळ किंवा सैल वाजत होतं, आणि तेही फक्त तापल्यावर.

आता मिस्त्रींचं कौतुक करतो, कारण पुढचं डोकं त्यांचं. हे सगळं ऐकल्यावर त्यांनी बॉक्सचा हट्ट लगेच सोडला. तापलेली गाडी रॅम्पवर घेतली, मी रेस धरली, आणि ते खालून लाकडी दांडक्याने एकेक वस्तू दाबत गेले. बेल हाउसिंगचा (क्लचवरच्या कवचाचा) खालचा पत्रा, काही नाही. स्टार्टर, काही नाही. सायलेन्सरचा पुढचा पाईप दाबला आणि आवाज गप्प. सोडला, सुरू. पण पाईप लागतोय कुठे ते दिसेना. तेव्हा त्यांनी खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्‍याच्या चुन्याची डबी काढली आणि क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या पट्टीच्या) कडेला बोटाने पांढरा पट्टा ओढला. मानकापूरपर्यंत चक्कर मारून आलो. पाईपवर नखाएवढा पांढरा ठिपका उमटला होता. चुना पुसला तर खाली क्रॉस मेंबरचा रंग उडून चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण, कडेने तांबूस भुकटी. कितीतरी दिवस घासत असणार!

गाडी पूर्ण थंड झाल्यावर फट मोजली. ३ मिलिमीटरचा ड्रिल बिट जातो, ४ चा जात नाही. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. एक मीटर पाईप तीनशे अंशांनी तापला तर साडेतीन मिलिमीटरच्या वर. गणित इतकं चपखल बसलं की मी तिथेच हसायला लागलो.

पण जुन्या बॉक्सच्या वेळी फट पुरत होती, मग आता का नाही? जुनं फाउंडेशन रबर फेकलं नव्हतं. मोजायला व्हर्निअर लावला. इतकी वर्षं दबून, चिरा पडूनही ते नव्यापेक्षा ४ मिलिमीटर उंच निघालं! नवं रबर "ओरिजनल" म्हणून, होलोग्राम लावलेल्या डब्यात मिळालं होतं. अंगठ्याने दाबलं तरी दबतं. बॉक्सची शेपटी खाली बसली, आणि पाईपचा ब्रॅकेट बॉक्सलाच असल्याने पाईपही सोबत खाली आला. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण यापुढे रबरी वस्तू जुनी सोबत नेऊन, काउंटरवर मोजूनच घेणार.

सध्या रबराखाली ४ मिलिमीटरची लोखंडी पट्टी कापून टाकली आहे. भर दुपारी गाडी तापवली, २००० च्या आसपास रेस धरून बसलो. शांत. मिस्त्री म्हणाले, "आता पट्टीच राहू द्या ना भाऊ." नाही राहू देणार. मऊ रबरावर पट्टी म्हणजे चढावर बॉक्स जास्त हलणार, आणि ताण छोट्या शाफ्टच्या क्रॉसवर. चांगलं रबर मागवलं आहे, आणि पाईप उतरणारच आहे तर मॅनिफोल्डचं गॅस्केटही त्याच वेळी.

खरं तर हे लिहिता लिहिता वाटतंय की फक्त मागचं रबर बदलून भागणार नाही. इंजिनची दोन्ही फाउंडेशन्स गाडीइतकीच जुनी आहेत. ती बसलेली असतील आणि मागे पूर्ण उंचीचं रबर आलं, तर इंजिन-बॉक्सचा कोन उलट्या बाजूने बिघडेल आणि छोटा शाफ्ट वेगळीच कुरकुर सुरू करेल. म्हणून बेत बदलला. रविवारी ऊन चढायच्या आत दोन्ही बाजूंची उंची मोजतो, मग तिन्ही रबरं एकदमच. कोणाकडे किंगच्या इंजिन फाउंडेशनचं नवं, न बसवलेलं ओरिजनल रबर असेल, तर त्याची उंची मिलिमीटरमध्ये नक्की कळवा.