आमची वाटचाल : रिंगांपासून कर्दळीच्या वाफ्यापर्यंत

वडिलांनी कुपवाडला शेड घेतलं तेव्हा आमचा माल म्हणजे द्राक्षबागेचे सिमेंटचे खांब, जनावरांच्या गव्हाणी आणि विहिरीच्या रिंगा. संडासाच्या टाकीशी संबंध आला तो या रिंगांमुळंच. २०१४ ला स्वच्छ भारत सुरू झालं, दोन खड्ड्यांच्या संडासांना रिंगांची मागणी वाढली आणि जत, कवठेमहांकाळकडं ट्रॉल्या भरून माल जाऊ लागला. तिकडं मुरूम. पाणी जिरतं, त्यामुळं तक्रार नसायची.

तक्रारी यायच्या नदीकाठाकडून. मिरज, पलूस, वाळव्याची काळी जमीन उसाला चांगली, पण पावसाळ्यात एकदा फुगली की थेंब आत घेत नाही. जूनमध्ये भरलेला शोषखड्डा दिवाळीपर्यंत तसाच, आणि वरची घाण गटारातून ओढ्याला, ओढ्यातून कृष्णेला. म्हणून आम्ही टाक्या करायला घेतल्या.

पहिली अडचण गिऱ्हाईकाच्या समजुतीची. "दहा बाय दहाची काढा, तळाला कोबा नको. नातवाच्या लग्नापर्यंत उपसायला लागायची नाही," असं अभिमानानं सांगणारे अण्णा गावोगाव भेटतात. बिनतळाची टाकी लवकर भरत नाही हे खरं, कारण पाणी जमिनीत उतरतं आणि शेजारच्या आडाला, बोअरला जाऊन मिळतं. पाच माणसांच्या घराला भारतीय मानकाप्रमाणं दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत मीटरभर पाणी राहील एवढी टाकी पुरते. हे सांगितलं की लोक हसायचे.

टाकीचं काम साधं आहे. गाळ तळाला बसतो, तेलकट तवंग वर येतो, मधलं पाणी पुढं सरकतं. त्यासाठी पाणी आत दिवसभर तरी थांबायला पाहिजे, दोन कप्पे पाहिजेत आणि बाहेरच्या तोंडाला टी पाईप, म्हणजे टी अक्षरासारखा नळ, ज्याचं खालचं तोंड तवंगाच्या खाली बुडालेलं राहतं. हा टी गवंडी हमखास विसरतो आणि तवंग सरळ बाहेर जातो. आणि सगळं नीट बांधलं तरी बाहेर येणारं पाणी स्वच्छ नसतंच. घाण साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी कमी होते, रोगजंतू बरेचसे तसेच राहतात. आमच्या धंद्यात हे कुणी गिऱ्हाईकाला सांगत नाही. आम्ही सांगायला लागलो आणि सुरुवातीला ऑर्डरी गेल्याही.

पण त्यातूनच कर्दळीचा वाफा आला. तळाला कोबा केलेल्या हौदात खडी, त्यात कर्दळ; टाकीतून आलेलं पाणी खडीच्या आतून आडवं सरकतं, वर दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत. खडीला आणि मुळांना चिकटलेले जंतू घाण खातात. स्वयंपाकघराचं पाणी तेल अडवणाऱ्या चेंबरमधून इथंच आणायचं. माणशी एक-दोन चौरस मीटर जागा लागते. गावठाणातल्या वाड्यात ती कुठून आणणार? तिथं टाकीलाच खडीचा तिसरा कप्पा जोडतो, पाणी खालून वर चढवतो. वाफ्याइतकं चांगलं होत नाही, पण उघड्या गटारापेक्षा बरं.

२०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाला आधी टाकी उपसून हवी होती आणि आम्ही नको म्हणत होतो. जमीन भिजलेली असताना टाकी रिकामी केली तर खालचं पाणी तिला वर उचलतं, प्लास्टिकची असेल तर जास्तच. विटांची असेल तर भिंत आत येते. बरेच जण चिडून दुसरीकडं गेले. नदीकाठी आता आम्ही आरसीसीचीच टाकी देतो; तळाचा स्लॅब भिंतीबाहेर वीतभर काढतो, म्हणजे वरच्या मातीचं वजन तिला धरून ठेवतं.

उपशाची गाडी नंतर घेतली. त्यातला पहिला नियम, माणूस आत उतरणार नाही. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहेच, पण कायदा नसता तरी टाकीतल्या वायूनं पळभरात माणूस जातो. "पोराला उतरवा, तळ खरवडून घ्या," म्हणणाऱ्यांचं काम आम्ही सोडून देतो. ओढ्यात किंवा उसात रिकामी करायचीही नाही. वाईला २०१८ पासून मैलागाळ प्रक्रिया केंद्र आहे आणि तिथं घरोघरच्या टाक्या ठरलेल्या पाळीनं, तीन वर्षांनी उपसतात. फिलिपिन्समधल्या डुमागेटे शहरात तर हा खर्च पाणीबिलातूनच घेतात. टाकी तुंबल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आमच्याकडं पाळीचं काम वहीवर चालतं. ती सौ. सांभाळते. तीन वर्षं झाली की ती फोन करते आणि निम्मे लोक म्हणतात, "वहिनी, अजून भरली नाही की." मग माणूस पाठवायचा. काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घालायची, वर काढली की गाळाची खूण दिसते. पाण्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गाळ गेला असेल तर गाडी लावायची, नाहीतर पुढच्या वर्षी. मोजायचे पैसे घेत नाही.