अंजनाचं लाकूड टेबल सॉवर चिरलं, आणि कड करपली नाही!

मागच्या वेळी याच लाकडाच्या कडा चिरताना जळून काळ्या पडल्या होत्या. ते फोटो ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा आनंद कळेल.

लाकूड तेच, धुळ्याकडच्या जुन्या घराच्या तुळईतून काढलेल्या ४० मिमीच्या फळ्या. हे वाळलेलं अंजनही पाण्यात टाकलं की तळ गाठतं. ‘हार्डवुडसाठी हेच’ म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेलं ६० दात्यांचं पातं नुसता धूर काढत होतं. जास्त दाते आडव्या, म्हणजे रेषा तोडणाऱ्या, कापाला ठीक. रेषांच्या दिशेने जाणाऱ्या उभ्या चिरीला गणित उलटं. माझं यंत्र ४००० आरपीएमचं, म्हणजे पातं मिनिटाला तेवढ्या फेऱ्या घेतं. मिनिटाला ३ मीटर फळी सरकवली तर ६० पैकी प्रत्येक दात्याच्या वाट्याला जेमतेम ०.०१२ मिमी लाकूड येतं. एवढ्यात दाता कापत नाही, घासतो. २४ दात्यांना तेच ०.०३ मिमी. पिठासारखा पडणारा भुसा आता रव्यासारखा पडतोय. हातात घेऊन बघत बसलो!

पण तेवढ्याने भागलं नाही. २४ दात्यांचं पहिलं पातं थिन कर्फ, म्हणजे बारीक चीर पाडणारं, २.४ मिमीचं. २ एचपीच्या मोटरला हलकं जाईल हा हिशोब. अर्ध्या फळीत तापलं आणि भरकटायला लागलं. आता ३.२ मिमीचं, सपाट दात्यांचं, २० अंश हुकचं (दाते पुढे तेवढे झुकलेले) लावलंय. मोटर कण्हते, पण चीर सरळ. रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पट्टी, तीही २.५ मिमीची केली, कारण ताण सुटला की अंजनाची चीर मागून मिटते.

तरी दुसऱ्या फळीला पुन्हा तपकिरी पट्टा! दात्यांच्या कडेला राळ साचली होती. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश, काम फत्ते. धार लावायला पळण्याआधी हे करून बघा. आणि धारवाल्याकडे डायमंड व्हील (हिऱ्याच्या कणांचं घासायचं चाक) आहे का, आधी विचारा. माझं एक पातं एका बाजूचे दाते जास्त घासून आलं, तेव्हापासून डावीकडे ओढतंय.

पुढे ८० दात्यांचं टीसीजी (एक कोपरे कापलेला, एक सपाट असे आलटून पालटून दाते असलेलं पातं) घ्यायचं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, त्या पैशांत बँडसॉची (पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीची) ३ टीपीआयची, म्हणजे इंचाला ३ दात्यांची, पट्टी घ्यावी. तिच्यावर २ मिमी जादा ठेवून चिरायचं आणि टेबल सॉवर फक्त कड साफ करायची. मोटरचाही जीव वाचेल. टीसीजी दिवाळीनंतर बघू. उरलेल्या तुळईला मात्र दोन ठिकाणी लोहचुंबक चिकटतंय, तेव्हा आधी खिळे उपटणं आलं.