नवा लॅपटॉप, जुनी स्क्रीन

शुक्रवार, रात्री उशिरा

ऑफिसने दिलेला लॅपटॉप याच वर्षी बाजारात आला आहे. कंपनीच्या 'बिझनेस' मालिकेतला. आज त्यावर एका पाठ्यपुस्तकाचं प्रूफ सलग वाचलं आणि संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले. आता लिहितानाही कपाळ ठणकतंय.

१५.६ इंचांची स्क्रीन आणि रिझोल्यूशन १३६६×७६८, म्हणजे इंचाला जेमतेम शंभर पिक्सेल. २०१० च्या सुमारास स्वस्त लॅपटॉपांत हेच असायचं आणि तेव्हा ते चालून गेलं. इंग्रजी मजकूर यावर अजूनही निभावतो. देवनागरीचे मात्र हाल होतात. 'शुद्ध' बरोबर आणि 'शुध्द' चूक, हे पकडण्यासाठीच तर मला पगार मिळतो. इथे नेहमीच्या आकारात दोन्ही जोडाक्षरं म्हणजे एकसारखा काळा पुंजका. रफार मात्रेला चिकटतो, वेलांटीवरचा अनुस्वार वेलांटीतच विरून जातो. झूम दुपटीवर नेला की अक्षर सुटं होतं, पण ओळ स्क्रीनबाहेर जाते. प्रूफ वाचताना नजर ओळीवरून अखंड फिरावी लागते. दर ओळीला पान आडवं सरकवायचं म्हटलं की चुका निसटणारच.

त्यात पॅनेल टीएन प्रकारचं, म्हणजे जुन्या धाटणीचं आणि स्वस्त. मान जरा वर-खाली झाली की पांढरं पान राखाडी दिसतं. उजेड जेमतेम २५० निट्स (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप). दुपारी खिडकीतून ऊन आलं की मला खुर्ची फिरवून बसावं लागतं.

मॉनिटर जोडून भागेल असं वाटलं होतं. ऑफिसात चांगला फोर-के, म्हणजे खूप बारीक पिक्सेलांचा मॉनिटर आहे. पण मॉनिटर जोडायचं लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट १.४ आवृत्तीचं, म्हणजे २००९ चं. त्यातून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. अक्षरं कोरीव दिसतात, पण कर्सर मागून ओढल्यासारखा येतो आणि पान सरकवलं की झटके बसतात. ते ६० वेळा बदलायला हवं असेल तर रिझोल्यूशन उतरवायचं, म्हणजे पुन्हा धूसर अक्षरं. एचडीएमआय २.० हे दोन्ही एकत्र देतं आणि ते २०१३ मध्येच आलं. टाइप-सी पोर्ट आहे, पण त्यातून मॉनिटर चालत नाही.

प्रोसेसर दोन पिढ्या मागचा आहे, रॅम डीडीआर-४, म्हणजे आधीच्या पिढीची आहे, याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. माझ्या कामाला ते भरपूर आहे. कीबोर्ड तर फार सुरेख आहे, बिजागरी घट्ट आहे, रॅम पुढे वाढवता येते. एवढं नीट घडवलेलं यंत्र, आणि माणूस दिवसभर ज्याच्याकडे बघतो तिथेच पैसे वाचवले, याचा मला खरंच राग आला.

आयटीतल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, कोटेशन मागवताना आपण प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि वॉरंटी एवढंच लिहितो. स्क्रीनचा रकानाच नसतो. मग ते सगळ्यात स्वस्त पॅनेल टाकतात." दुखणं इथे आहे. खरेदी करणारा वेगळा, वापरणारा वेगळा, आणि दोघांमध्ये एक तक्ता. जो भाग तक्त्यात नाही, तो जुना राहिला तरी विक्री अडत नाही. आणि हे यंत्र पुढची चार-पाच वर्षं कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांपुढे असणार.

पुढच्या महिन्यात संपादन विभागासाठी आणखी लॅपटॉप घ्यायचे आहेत. साहेबांना द्यायचं पत्र आत्ताच लिहून काढलं. स्क्रीन आयपीएस (मान हलली तरी पान पांढरंच दाखवणारी), किमान १९२०×१०८०, ३०० निट्स किंवा जास्त, एचडीएमआय २.०, नाहीतर मॉनिटर चालवणारं टाइप-सी. आणि ऑर्डर देण्याआधी एक नमुना यंत्र संपादन विभागात दिवसभर वापरायला मिळावं. किंमत वाढत असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, असंही स्पष्ट लिहिलंय. सोबत आजच्या प्रूफातल्या एका पानाचे फोटो जोडतेय, एक या स्क्रीनवरचा आणि एक छापील पानाचा. सोमवारी सकाळी देईन.