थ्री कप चिकन आणि चिकट भात

तैवानचं थ्री कप चिकन घरी करायचं असेल तर बाकी काही इकडचं तिकडे झालं तरी चालेल, पण आल्याला घाई करायची नाही. सालासकट पातळ काप करायचे आणि भाजलेल्या तिळाच्या गडद तेलात एकदम मंद आचेवर सोडायचे, कारण गॅस मोठा केला की हे तेल कडवट होतं. कापांच्या कडा सुकून आत वळल्या की मग सोललेल्या अख्ख्या लसूण पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या आणि हाडासकट मांडीचे तुकडे. बोनलेस नको प्लीज, कोरडं पडतं.

चिकनला रंग आला की सोया सॉस, राइस वाइन, थोडी साखर. खरोखर एकेक कप कोणी घालत नाही हं, अर्धा किलोला तेल, सोया, वाइन प्रत्येकी ३ टेबलस्पून बास. पाणी अजिबात नाही. झाकून १० मिनिटं शिजवा, मग झाकण काढून आटवत बसा, आधी पातळ फेस येतो, नंतर बुडबुडे मोठे आणि चिकट होतात आणि सॉस तुकड्यांना चकचकीत धरून बसतो, तेव्हा मूठभर थाई बेसिल घालून लगेच गॅस बंद. साधी तुळस चालते का? चालवून घ्या, पण तो वास नाही येत.

भात मात्र आखूड दाण्याचा. तैवानात जपानी राजवटीत १९२० च्या दशकात असा तांदूळ रुजला आणि आजही तोच खातात. बासमतीवर हा सॉस टिकतच नाही, सगळा ताटाच्या तळाशी.